केशरी पडदा उत्तरेकडे निघाला

ओडवार स्लेट्टेनने ठरवलं होतं ते एवढंच: बोटीच्या कठड्याशी उभं राहायचं आणि बहिणीला हात करायचा. यात विघ्न यावं असं काही नव्हतं. माणसाला हात दोन असतात, बहीण एकच होती, आणि किनाऱ्याची बोट रोज तिच्या घरासमोरून जात होती. पण साध्या कामाचा बोजवारा उडवायला जी एक खास बुद्धी लागते ती ओडवारकडे उपजत होती, आणि जी थोडीफार कमी पडली ती शेजाऱ्यांनी भरून काढली.

बहिणीचं नाव आस्लेग. ओडवारपेक्षा मोठी. उत्तरेला स्कारसुंद नावाची एक चिंचोळी सामुद्रधुनी आहे, तिच्या काठावर आईवडिलांच्या घरात ती एकटी राहायची. ओडवार ट्रॉन्डहाइम शहरात, नगरपालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेला. दोघांत बोलणं नव्हतं. आईच्या मातीनंतर सगळे कॉफीला बसलेले असताना, आणि तेही पाद्रीसाहेबांच्या समोर, ओडवार म्हणाला होता, "ताई, आता हे घर विकून टाक आणि शहरात ये. इथं आहे कोण?" आस्लेगने त्याच्या बशीतला केकचा तुकडा उचलला आणि परत थाळीत ठेवला. तेव्हापासून दोघं नाताळला एकमेकांना कार्ड पाठवत आणि त्यात सहीपलीकडे काही नसे.

तिकडच्या माणसांचं एक आहे. ती कुणाला 'ये' म्हणत नाहीत, 'जा' म्हणत नाहीत, आणि 'चुकलं' तर मरेपर्यंत म्हणत नाहीत. कुणाला घरी बोलवायचं असलं की ओडवारची आई दारात उभी राहून हवेला सांगायची, "किटली चुलीवर आहे." ज्याला कळायचं त्याला कळे, आणि तो येऊन बसे. ओडवारची बायको तोरदिस शहरात वाढलेली. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूने अंगणातून तिला हे वाक्य ऐकवलं, तर ती बिचारी धावत स्वयंपाकघरात गेली आणि किटली खाली उतरवून आली. पुढे शिकली.

तर अशा बहिणीशी समेट करायचा कसा? उतरून तिच्या दारात जाणं म्हणजे हार. फोन करणं म्हणजे तर नाक घासणं. बोटीवरून हात करणं मात्र कुठल्याच हिशेबात धरलं जात नाही. किनाऱ्यावरची माणसं बोटीला चादरी, टेबलक्लॉथ, हाताला लागेल ते हलवून दाखवतात, बोटीवरची माणसं हात करतात, आणि कप्तान खुशीत असला तर तीन लांब भोंगे देतो. यात कुणी कुणाची माफी मागत नाही. उद्या कुणी विचारलंच, तर 'मी काय, सगळेच हात करत होते' असं म्हणता येतं. ओडवारला हा मार्ग फार पसंत पडला. आयुष्यभर पाणीखात्यात काढल्यामुळे, आपलं म्हणणं आपण न म्हणता दुसऱ्यापर्यंत कसं पोचवायचं याचं शिक्षण त्याला मिळालेलंच होतं.

तालमीपासूनच फिसकटलं. एका सकाळी ओडवार पांढरी चादर घेऊन बाल्कनीत उभा राहिला आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवू लागला. खाली अंगणात हालवार्ड उभा. हा हालवार्ड सोसायटीचा अध्यक्ष, आणि तरुणपणी आरमारात. आरमारात तो स्वयंपाकी होता, पण हे तो तिसऱ्या भेटीनंतर सांगायचा.

"ओडवार, आज रविवार आहे," हालवार्ड खालून म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

"बाल्कनीत चादर दिसतेय."

"ती वाळत घातलेली नाही. हलवतोय मी ती."

"नियमात वाळत-बिळत काही नाही. रविवारी बाल्कनीत कपडा दिसता कामा नये, एवढंच आहे. कोरडी असली म्हणून काय झालं, चादर ती चादर."

"अरे, माणूस कपडे वाळत घालतोय की हात करतोय, एवढं दिसत नाही होय तुला?"

"खालून सारखंच दिसतं," हालवार्ड म्हणाला.

हे वाक्य ओडवारने तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढचा सगळा प्रसंग टळला असता. पण अपमान झालेला माणूस ऐकत नाही, तो उत्तर जुळवत असतो. ओडवार चादर गोळा करून आत गेला आणि दार त्याने जरा जोरातच लावलं.

संध्याकाळी हालवार्ड सल्ला द्यायला वर आला. माणूस मनाचा वाईट नव्हता. त्याचं म्हणणं, पांढऱ्या बोटीवर पांढरी चादर दिसायचीच नाही. झेंडा न्यावा तर झेंड्याचे नियम सोसायटीच्या नियमांहून कडक. रंग भडक हवा आणि कपड्याला काठी हवी. शिवाय दुर्बीण हवी, ती तो स्वतःची देईल. दुर्बीण त्याने दिलीही. तिच्या एका भिंगात कायमचं धुकं होतं, कारण ती एकदा आरमारी मटारच्या सूपमध्ये पडली होती.

भडक कपडा तोरदिसने काढला. नवं घर लागलं तेव्हा आस्लेगनेच भेट दिलेला केशरी पडदा, त्यावर ताटाएवढाली तपकिरी वर्तुळं. तो त्या घराच्या खिडकीला कधी लागला नाही आणि टाकून देण्याची कुणाची छाती झाली नाही. "हा दिसेल," तोरदिस म्हणाली. "हा न दिसायला माणूस आंधळाच हवा." पडदा ओडवारने बर्फावर घसरायच्या काठीला घट्ट शिवून घेतला. मग तोरदिसने स्कारसुंदच्या दुकानदाराला फोन लावला आणि बटाट्याच्या भावाविषयी बोलता बोलता, सहज, आपण रविवारच्या बोटीने तिथून जाणार असल्याचं सांगितलं. त्या दुकानदाराला सांगणं म्हणजे चर्चमध्ये जाहीर करण्यासारखंच. ओडवार हे सगळं ऐकत वर्तमानपत्र वाचत होता. वर्तमानपत्र उलटं आहे हे तोरदिसने त्याला सांगितलं नाही.

बोटीवर पाऊल ठेवताच इंग्विल्ड नावाची एक तरुण अधिकारी आडवी आली.

"आजोबा, ही टोकदार काठी डेकवर नेता येणार नाही."

ओडवारला नातवंडं नव्हती. त्यामुळे 'आजोबा' हा शब्द त्याला टोचला.

"यावर पडदा आहे," तो म्हणाला.

"तो दिसतोय. पण कठड्याबाहेर काठी गेली आणि खाली कुणाच्या डोक्यात पडली तर?"

बरीच बोलाचाली होऊन काठी सामानघरात गेली आणि पडदा उसवून ओडवारच्या काखेत आला. भोंग्याचं मात्र तिने मनापासून ऐकून घेतलं. "किनाऱ्यावर कुणी हात करत असलं तर कप्तानसाहेब नक्की देतील," ती म्हणाली. "रिकाम्या घराला देत नाहीत. मागं एकदा दिला, तर मेंढ्या बुजल्या आणि तक्रार आली."

"रिकामं कसं असेल? बहीण उभी असेल माझी," ओडवार म्हणाला, आणि स्वतःच्या आवाजातल्या खात्रीचं त्यालाच नवल वाटलं.

त्यानंतर जे डोंगर समुद्रातून सरळ उभे राहिले होते, जे धबधबे पडत होते, ते तोरदिसने पाहिले. ओडवार डाव्या-उजव्याच्या विवंचनेत होता. घर बोटीच्या कोणत्या अंगाला येणार? एक प्रवासी म्हणे डाव्या, दुसरा म्हणे वळणावर अवलंबून आहे. बालपण त्या घरात गेलेलं, पण घरातून बोट पाहिलेली. बोटीतून घर कधी पाहिलेलं नव्हतं. शेवटी त्याने उजवी बाजू स्वतःकडे घेतली आणि डाव्या बाजूला तोरदिसला पहाऱ्यावर बसवलं. "घर दिसलं की हाक मार," असं बजावून. त्यातच रविवारी सकाळी बोटीने आर्क्टिक वृत्त ओलांडलं. त्या वेळी बोटीवरचे लोक प्रवाशांच्या मानेत बर्फ ओततात, ही तिथली रीत आहे. ओडवारने आधीच नकार कळवला होता. तो पडदा घेऊन एका कोपऱ्यात पाठमोरा उभा असताना दर्याच्या देवाचं सोंग घेतलेल्या आचाऱ्याने मागून येऊन त्याच्या कॉलरमध्ये डावभर बर्फ सोडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाणीखात्यात हयात घालवलेल्या माणसाची पाण्याने अशी शोभा करावी याचं त्याला वाईट वाटलं. पुढचा अर्धा दिवस तो ओल्या बनियनने उभा राहिला, कारण बदलायला खाली जावं आणि नेमकं घर निघून जावं ही भीती.

संध्याकाळी बोट स्कारसुंदमध्ये शिरली. ऊन लख्ख होतं. वारा अगदी पडला होता आणि पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. घर उजव्या अंगालाच आलं. ओडवारने दुर्बिणीचा चांगला डोळा लावला. पांढरं घर, होडी ठेवायचं लाल नावघर, झेंड्याचा खांब. आणि नावघरापासून खांबापर्यंत दोरी बांधून, तिच्यावर ओळीने चादरी. घरात होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या. ओळीच्या टोकाला आईचा नाताळचा टेबलक्लॉथ, लाल काठाचा, जो वर्षातून एकदाच पेटीतून निघायचा. चादरी जागच्या जागी लोंबत होत्या, टेबलक्लॉथ तेवढा वरखाली होत होता. त्याच्याखाली गवतात गमबुटांचा एक जोड. आस्लेग कुठे नव्हती. दारात नाही, खिडकीत नाही.

ओडवार बघत राहिला. घर जवळ आलं, समोर आलं.

इंग्विल्ड वरून जिन्याने धावत आली. "आजोबा, वरून कुणी दिसत नाही हो. नुसते कपडे वाळत आहेत. कप्तानसाहेब विचारतात, तरी देऊ का भोंगा?"

एवढा उपद्व्याप केला, मानेत बर्फ घेतला, आणि बाईसाहेबांनी नेमकं आज धुणं काढलं. बोट येणार हे माहीत असून.

"नको," तो म्हणाला.

"नक्की?"

"नको म्हटलं ना. मेंढ्या बुजतील."

त्याने पडदा काखेतून काढलासुद्धा नाही. बोट वळणाला लागली. वळणापलीकडे शाळामास्तरांच्या अंगणात त्यांची पोरंबाळं टॉवेल नाचवत होती. कप्तानाने त्यांना तीन लांब भोंगे दिले आणि ते दोन्ही डोंगरांवर आपटून बराच वेळ घुमत राहिले.

दुखावलेल्या माणसाला श्रोते लागतात. ओडवारने ही हकिकत पहिल्यांदा इंग्विल्डलाच सांगितली, तर तिला दोरखंड बघायला जायचं होतं. मग तोरदिसला सांगितली. "सगळ्या चादरी?" तिने मध्येच विचारलं, तर "मला पुरतं सांगू दे," म्हणून तो तिच्यावर खेकसला. तिसऱ्यांदा जेवणाच्या टेबलावर, बेर्गेनहून आलेल्या एका औषधविक्रेत्या जोडप्यासमोर. तोवर हकिकतीला चांगली धार आली होती.

"पाठीमागं अंगण आहे, तिथं रोजची दोरी आहे," ओडवार काट्याला माशाचा तुकडा लावून म्हणाला. "समुद्राकडं आम्ही कधी कपडे घालत नाही, खारटतात. पण हिने मुद्दाम समुद्राकडं घातले. का? तर मला दिसावं की मला वेळ नाही."

"अरेरे," औषधविक्रेता म्हणाला.

"आणि नाताळचा टेबलक्लॉथ, भर उन्हाळ्यात! वाऱ्याची झुळूक नाही, चादरी ठोकळ्यासारख्या लोंबताहेत, आणि तो एकटा आपला वरखाली, वरखाली. आणि खाली गमबूट. बरं, बूट वाळवायचे तर माणूस उलटे ठेवतो. हे सरळ उभे, टोकं बोटीकडं करून. आणि सगळ्यात कहर काय माहीत आहे? आज वार कोणता? रविवार! आमच्या आईने जन्मात रविवारी हातरुमालसुद्धा दोरीवर..."

ओडवार थांबला.

काट्यावरचा मासा तसाच हवेत राहिला. औषधविक्रेत्याची बायको पुढचं ऐकायला वाकली होती. पुढचं काही नव्हतं. ओडवारने काटा बशीत ठेवला, आणि त्याला ती दिसली: बुटकी आस्लेग, वडिलांच्या गमबुटांत, आईचा टेबलक्लॉथ दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरून, त्याच्याआड उभी. बोट समोरून जाईपर्यंत. भोंग्याची वाट बघत.

"मला वाटलंच होतं," तोरदिस हळू आवाजात म्हणाली. "पण तू सांगू दिलं नाहीस." त्याला त्या क्षणी कुणी मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

आता फोन करणं हाच एक मार्ग उरला, आणि फोन तर प्रत्येक बंदरात होता. पण एका बंदरात फोनच्या काचेच्या खोक्यात एक मुलगी रडत होती, आणि रडणाऱ्या मुलीला घाई करणं बरं नव्हे. दुसऱ्यात सुटी नाणी नव्हती. हॅमरफेस्टला नाणी होती आणि खोकं रिकामं होतं, तेव्हा आस्लेगची झोपायची वेळ झाली असेल असं ओडवारला वाटलं, जरी ऊन डोक्यावर होतं. बोट उत्तरेच्या टोकाला वळसा घालून आली. लोकांनी देवमासे पाहिले. ओडवार केबिनमध्ये पडून एक वाक्य पाठ करत होता: 'ताई, मला दिसलं नाही, माझंच चुकलं.' वाक्य काही अवघड नव्हतं. पण ते म्हणून बघताना प्रत्येक वेळी 'चुकलं'पाशी त्याला खोकला येई.

मग त्याने ठरवलं, परतताना बोट त्याच घरासमोरून जाईलच. तेव्हा पडदा असा हलवायचा की सगळं सांगून व्हावं. कप्तानाला भोंग्यासाठी आगाऊ विनंती केली. आणि त्या सकाळी स्कारसुंदमध्ये असं धुकं उतरलं की ओडवारला पडद्यावरची वर्तुळंही दिसेनात. बोट आंधळ्यासारखी सरकत होती आणि दर थोड्या वेळाने एक लांब भोंगा देत होती, धुक्यातला, नियमाचा.

"तीन द्या ना," ओडवार इंग्विल्डला म्हणाला. "मुली, तीनच."

"धुक्यात नाही देता येत हो, आजोबा. समोरून कुणी येत असलं तर त्याचा घोटाळा होईल." तिला खरंच वाईट वाटत होतं.

ओडवारने तरी पडदा हलवला. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, घर असेल असं वाटलं तिकडे तोंड करून. बाकावर बसलेली एक बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली.

पुढचं बंदर वोगनेस. बोट तिथे जेमतेम माल उतरवण्यापुरती थांबते. ओडवार पडदा तोरदिसच्या हातात देऊन धक्क्यावर उतरला, खोक्यात शिरला आणि विचार करायला वेळ मिळू नये म्हणून भराभर आकडे फिरवले.

"आस्लेग," पलीकडून आवाज आला.

"मी."

"हं."

"आज धुकं होतं," ओडवार म्हणाला.

"होतं. अजून आहे."

"रविवारी हवा चांगली होती."

"रविवारी चांगली होती," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "भोंगा वाजला नाही."

पाठ केलेलं वाक्य ओडवारच्या ओठापर्यंत आलं होतं. तोंडातून मात्र निघालं ते हे: "भोंगा बिघडला होता."

"असं होय. मग मास्तरांच्या घरापर्यंत दुरुस्त झाला म्हणायचा."

फोनने एक नाणं गिळलं. ओडवारने दुसरं घातलं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

"बाकी बरी आहेस ना, ताई?"

"बरीय की. खांदे दुखतात जरा. हात वर धरून धरून."

"बाम लाव," ओडवार म्हणाला. म्हणायचं होतं दुसरंच.

"लावलाय." पलीकडे घड्याळाचा लोलक ऐकू येत होता, वडिलांचं घड्याळ. "वोगनेसला आहेस का तू?"

"हो."

"दुपारची फेरीबोट तिथून अजून सुटते, आमच्या धक्क्याला येते."

"हो का? छान झालं. बंद करणार म्हणत होते ना."

"नाही केली बंद."

एवढ्यात बाहेर बोटीने निघण्याचा भोंगा दिला. खोक्याच्या काचा थरथरल्या.

"आता वाजला," आस्लेग म्हणाली. "ऐकला मी."

"निघायला हवं, ताई. शिडी काढताहेत."

"किटली चुलीवर आहे," ती म्हणाली.

"बरं, बरं. मग बघ तिला, नाहीतर उतू जाईल," ओडवार म्हणाला आणि रिसीव्हर ठेवून धावत सुटला. धावला मात्र जवानासारखा. शिडी उचलायला आणि तो वर चढायला एकच गाठ पडली. खलाशाने त्याला दंडाला धरून आत ओढलं, इंग्विल्डने वरून टाळ्या वाजवल्या, आणि या सबंध सफरीत पहिल्यांदाच काहीतरी जमल्याचा आनंद ओडवारला झाला. धापा टाकत तो वर डेकवर आला. तोरदिस कठड्याशी उभी होती, पडदा तिच्या हातावर नीट घडी केलेला.

"बोललास?"

"बोललो."

"काय म्हणाली?"

"विशेष काही नाही. हवापाण्याचं. कामात होती, तिनेच आवरतं घेतलं. किटली चुलीवर आहे म्हणाली."

तोरदिसने त्याच्याकडे पाहिलं. धक्का आणि बोट यांच्यामधलं पाणी रुंद होत चाललं होतं. फेरीबोटीच्या पाटीपाशी दोन माणसं दुपारच्या बोटीची वाट बघत पेटीवर बसली होती.

"आणि तू बोटीवर आलास?" ती म्हणाली.

ओडवारने फोनच्या खोक्याकडे पाहिलं. एवढ्या घाईतही त्याचं दार त्याने नीट लावून घेतलं होतं.